फायनान्सची गाडी ओढणाऱ्यांसाठी: धोके, कागद आणि कायदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरात या कामाला कोणी सीझिंग म्हणतं, कोणी रिकव्हरी. ज्याची गाडी जाते तो म्हणतो, "फायनान्सवाल्यांनी गाडी ओढली." वाडीच्या गोदामांपासून कळमन्याच्या बाजारापर्यंत, ऑटोमोटिव्ह चौकापासून बुटीबोरीपर्यंत रोज उन्हातान्हात नंबर प्लेटा वाचत फिरणाऱ्या पोरांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. कर्जदाराचे हक्क सांगणारी माहिती भरपूर मिळते आणि ती मिळायलाच हवी. रस्त्यावर उभ्या असलेल्या या माणसासाठी मात्र जवळपास काहीच लिहिलेलं नाही.

गाडी ताब्यात घेण्याचा हक्क माझा असतो का?

नाही. हक्क बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा असतो, आणि तोही कर्जाच्या करारातून आलेला. तुम्ही त्यांच्या वतीने निरोप घेऊन गेलेला माणूस. आपल्या देशात गाडी ओढणाऱ्यांसाठी वेगळा कायदा नाही आणि सरकारी परवानाही नाही. कोर्टाच्या बेलिफाकडे जो अधिकार असतो, त्यातला कणभरही तुमच्याकडे नाही. म्हणूनच तुमच्यावर कोणी हात उचलला, तर सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं कलम (भारतीय न्याय संहिता, कलम १३२; पुढे कायद्याचं नाव न देता नुसतं कलम लिहिलं असेल तर ते याच संहितेचं) लागत नाही. रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला मारहाण झाली तर जी कलमं लागतात, तीच तुमच्या वाट्याला येतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये चरणजितसिंग चढ्ढा प्रकरणात आणि २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणात सांगितलं आहे, की हप्ते थकल्यावर करारानुसार गाडी ताब्यात घेणं हा आपोआप गुन्हा होत नाही. एजन्सीचे मालक हेच निकाल पोरांना ऐकवतात. पण त्याच न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात दांडगाईने गाड्या ओढण्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली, आणि २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने जबरदस्तीने गाड्या उचलणं बेकायदा ठरवलं. दोन्ही बाजूंचे निकाल एकत्र वाचले तर अर्थ एवढाच निघतो: गाडी शांतपणे मिळाली तर घ्यावी, नाही मिळाली तर कोर्टाचा रस्ता धरावा. आणि तो रस्ता कंपनीने धरायचा असतो, तुम्ही नव्हे.

करार हायर पर्चेसचा की हायपोथिकेशनचा, याने मला काय फरक पडतो?

पडतो. हायर पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी फायनान्सवाल्याची असते. हायपोथिकेशनमध्ये मालक कर्जदारच असतो आणि गाडी फक्त तारण असते. आजची बहुतेक वाहनकर्जं दुसऱ्या प्रकारची आहेत. म्हणून "ही आमच्या कंपनीची गाडी आहे" हे वाक्य बोलूच नका. ते बहुतेक वेळा खरं नसतं, आणि भांडण तिथूनच पेटतं.

गाडीला हात लावण्याआधी हातात कोणते कागद हवेत?

किमान हे पाच:

१. तुमच्या किंवा तुमच्या एजन्सीच्या नावाचं, त्याच कर्जखात्याचं आणि त्याच गाडीचं अधिकारपत्र. त्यावर तारीख, मुदत, कंपनीचा शिक्का, सही करणाऱ्याचं नाव आणि पद हवं. एजन्सीच्या नावाचं असेल, तर तुम्ही त्या एजन्सीचे आहात हे दाखवणारं दुसरं पत्रही हवं.

२. फोटो असलेलं ओळखपत्र. रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनांनुसार वसुली करणाऱ्याने अधिकारपत्राची प्रत आणि ओळखपत्र सोबत बाळगलंच पाहिजे.

३. कर्जदाराला आधी पाठवलेल्या नोटिशीची प्रत. करारातल्या जप्तीच्या कलमात नोटिशीची मुदत, ती कधी माफ होते, विक्रीपूर्वीची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत असायला हवी, असं रिझर्व्ह बँक सांगते. त्या कलमाचं पान मागून घ्या. कंपनी देत नसेल, तर ती तुम्हाला आंधळेपणाने पाठवते आहे.

४. संबंधित पोलीस ठाण्याला दिलेल्या आगाऊ पत्राची पोच.

५. त्याच दिवशीची थकबाकीची खात्री. हे सर्वांत जास्त चुकतं. कर्जदाराने सकाळी हप्ता भरलेला असतो, यादी आदल्या आठवड्याची असते, आणि दुपारी गाडी उचलली जाते. उचलण्याच्या क्षणी कंपनीच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर "आज इतके बाकी, ताबा घ्या" असं लेखी घ्या. फोनवरचा होकार पोलीस ठाण्यात कोणी कबूल करत नाही.

थकीत गाड्यांची यादी असलेल्या ॲपवर नंबर लाल दिसला, पण माझ्या नावाचं पत्र नाही. गाडी अडवून ठेवू का?

नाही. या धंद्यात पोरं सर्वांत जास्त अडकतात ती इथेच. ॲपमध्ये वीसपंचवीस कंपन्यांची यादी भरलेली असते आणि तुमची एजन्सी पॅनलवर, म्हणजे मान्य एजन्सींच्या यादीत, असते ती त्यातल्या दोनतीन कंपन्यांच्याच. "आधी अडव, पत्र व्हॉट्सॲपवर येतंच आहे" असं सांगितलं जातं. पत्र येईपर्यंतचा तो अर्धा तास कायद्याच्या दृष्टीने तुम्ही एका अनोळखी माणसाची वाट अडवलेली असते (कलम १२६), आणि त्याची किल्ली काढून घेतली असेल तर त्याहून गंभीर. पत्र नंतर आलं तरी आधी घडलेलं पुसलं जात नाही. नंबर दिसला तर ठिकाण, वेळ आणि फोटो कळवा आणि पुढे चला.

नंबर जुळला म्हणजे गाडी तीच, असं धरायचं का?

धरू नका. एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ या तिन्ही मालिका एकाच शहराच्या आसपास फिरतात, आणि धावत्या गाडीवरचा एक अंक चुकीचा वाचला की गाडी भलत्याची निघते. डुप्लिकेट प्लेट लावलेल्या गाड्याही असतात. एमपरिवहन ॲपवर नोंदणी पाहा, त्यात फायनान्सरचं नाव जुळतं का ते तपासा, आणि चेसिस क्रमांकाचे किमान शेवटचे पाच आकडे प्रत्यक्ष गाडीवर वाचून पत्राशी ताडा. दुचाकीवर तो हँडलच्या मानेपाशी कोरलेला असतो, ट्रकवर बहुतेक मॉडेलांत पुढच्या उजव्या बाजूच्या चेसिस पट्टीवर. मळीने झाकला असेल तर कापडाने पुसा, पण गाडीवाल्याला सांगून. चुकीची गाडी नेली, तर "प्रामाणिक हक्काने नेली" हा तुमचा एकमेव बचाव फार दुबळा होतो.

पोलीस ठाण्यात पत्र दिलं की पोलिसांचं संरक्षण मिळतं का?

नाही. आगाऊ पत्र आणि ताबा घेतल्यानंतरचं पत्र हे माहितीपत्र असतं. त्यावरचा शिक्का म्हणजे परवानगी नव्हे. त्याचा खरा उपयोग असा, की गाडीवाल्याने चोरीची तक्रार दिली तर ठाण्याला गाडी कुठे आहे ते आधीच माहीत असतं.

पोलीस सोबत हवे असतील, तर कंपनीने कोर्टाचा आदेश आणला पाहिजे. लवाद कायदा १९९६ च्या कलम ९ खाली रिसीव्हर (गाडी ताब्यात घेणारा कोर्टाचा माणूस) नेमून घेता येतो आणि त्या आदेशातच पोलीस मदतीचा उल्लेख करून घेता येतो. मोठ्या कर्जांना तारण जप्तीचा सरफेसी कायदाही आहे. त्यात ६० दिवसांची नोटीस लागते, आणि फायनान्स कंपन्यांना तो २० लाखांच्या पुढच्या कर्जांनाच वापरता येतो. दांडगा कर्जदार, आधी मारहाण झालेलं गाव, टिपरचा अड्डा अशा ठिकाणी आदेशाशिवाय जायला नकार द्या. कंपनी कोर्टाचा खर्च वाचवते, आणि वाचलेला तो खर्च तुमच्या हाडांतून वसूल होतो.

हद्द नीट पाहा. वाडी, कामठी नागपूर शहर आयुक्तालयात येतात, तर काटोल, सावनेर, उमरेड ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. पत्र गाडी जिथे उभी आहे त्या ठाण्याला द्यायचं, एजन्सीचं ऑफिस जिथे आहे त्या ठाण्याला नव्हे. जबलपूर रस्त्यावर खवासापाशी मध्य प्रदेश सुरू होतो. इथल्या ठाण्याची पोच तिथे दाखवून काही होत नाही.

टीममध्ये किती माणसं असावीत?

दोन किंवा तीन. चारच्या वर कधीच नाही. "जास्त माणसं नेली की समोरचा घाबरतो" हा सल्ला तुम्हाला थेट तुरुंगात नेऊ शकतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर कायद्याच्या भाषेत तो दरोडा होतो (कलम ३१०), आणि त्याला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गाडीवाल्याने तक्रारीत "पाच-सहा जण होते, मारलं, गाडी हिसकावली" एवढं लिहिलं की पोलिसांसमोर हे कलम येतं. नंतर कोर्टात ते टिकेल न टिकेल, तोवर जामिनासाठी महिने जातात.

काठी, रॉड, टॉमी हातात नको. आयुक्तालयाचे जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश (महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ३७) वेळोवेळी लागू असतात. खाकी पँट, पोलिसांसारखे बूट, गाडीवर लाल-निळा दिवा, "क्राइम ब्रांच" असं सांगणं, हे सगळं कलम २०४ आणि २०५ खाली स्वतंत्र गुन्हे ओढवून घेतं.

रात्री गाडी उचलणं सोपं पडतं. मग काय हरकत?

सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत हमरस्त्यावर जबरी चोरी झाली, तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते (कलम ३०९). जबलपूर किंवा भंडारा रस्त्यावर रात्री दोन वाजता दोन मोटरसायकली आडव्या घातल्या, तर ट्रकचालक तुम्हाला फायनान्सचे लोक समजत नाही. लुटारूच समजतो. त्याच्या जागी कोणीही असतं तर ॲक्सिलरेटरच दाबला असता. वसुलीचे फोनही रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत. प्रत्यक्ष कामालाही तेच घड्याळ लावा.

समोरचा "गाडी देत नाही" म्हणाला तर?

थांबा. नकार ऐकला की तुमचं त्या जागचं काम संपलं. आधी बोलायची रीत मात्र ठरवून ठेवा, कारण पहिल्या तीस सेकंदांत पुढचं सगळं ठरतं. एकच माणूस बोलेल, दुसरा सात-आठ फूट मागे उभा राहून रेकॉर्डिंग करेल. बोलणं असं: "भाऊ, अमुक कंपनीकडून आलो आहे. हे माझं ओळखपत्र, हे पत्र. या गाडीचे इतके हप्ते थकलेले दाखवतात. तुम्ही भरले असतील तर पावती दाखवा, मी आत्ताच ऑफिसला लावून देतो." आवाज चढवायचा नाही, अरेतुरे करायचं नाही, लोकांसमोर कर्जाची रक्कम ओरडून सांगायची नाही. चारचौघांत इज्जत गेली की माणूस गाडीसाठी नाही, इज्जतीसाठी मारतो.

जातीवरून एक शब्द तोंडातून गेला, तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो आणि त्यात अटकपूर्व जामीन कलम १८ ने रोखलेला आहे. गाडीत बाई, लेकरं किंवा रुग्ण असतील तर थांबवूच नका. घराच्या आवारात, बंद गेटच्या आत पाऊल टाकलं की गृहअतिक्रमण (कलम ३२९).

बऱ्याचदा चालवणारा कर्जदार नसतोच. मूळ मालकाने सौदाचिठ्ठीवर गाडी विकलेली असते, घेणाऱ्याने रोख पैसे मोजलेले असतात आणि कर्जाचं त्याला ठाऊकच नसतं. असा माणूस सर्वांत जास्त चवताळतो, आणि त्याचं चवताळणं समजण्यासारखं आहे. त्याला कंपनीचा नंबर द्या, नाव लिहून घ्या, निघा.

दिली, तर स्वखुशीने ताबा दिल्याच्या पत्रावर सही घ्या आणि तो बोलतानाचा व्हिडिओ ठेवा. कोऱ्या कागदावर सही घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं.

सर्वांत जास्त इजा कशाने होतात?

चालत्या ट्रकच्या फुटबोर्डवर चढल्याने. चालक दार उघडतो, गाडी वळवतो, आणि माणूस मागच्या चाकाखाली जातो. दुसरं, खिडकीतून हात घालून किल्ली काढण्याने. हात आत असताना गाडी सुटली की मनगट, खांदा किंवा जीव जातो. तिसरं, गाडीसमोर उभं राहण्याने. चौथं, पाठलाग, दुचाकीवरून पिकअपला ओव्हरटेक करून ब्रेक मारणं. पाचवं, जमाव.

पहिल्या चारही प्रकारांवर उपाय एकच, चालत्या गाडीशी काही करायचं नाही. गाडी उभी, इंजिन बंद, चालक खाली उतरलेला, तरच बोलायला जा. चहाची टपरी, पेट्रोल पंप, वजनकाटा, बाजार समितीची रांग इथे गाडी आपोआप थांबते. मात्र गर्दीच्या जागेचा तोटा असा, की चालकाने "चोर, चोर" ओरडलं की पन्नास माणसं दोन मिनिटांत गोळा होतात. म्हणून पंपावर किंवा काट्यावर असाल, तर आधी तिथल्या मॅनेजरला पत्र दाखवून ठेवा. गर्दी जमू लागली की वाद घालू नका. ओळखपत्र वर धरा, ११२ लावा, कॅमेरा असलेल्या जागेकडे सरका.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्याला चक्कर येते ती नेमकी रिंगरोडवर. दुपारी १२ ते ४ फिरणं बंद ठेवा.

गाडी मिळाली. यार्डापर्यंत नेताना काय चुकतं?

गाडी तुमची नाही, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही आणि देखभाल बहुधा वर्षभर झालेली नसते. ज्याने हप्ता थकवला त्याने ब्रेक लायनर तरी कुठून बदलले असणार? पहिले शंभर मीटर पहिल्या गिअरमध्ये जा, दोनदा ब्रेक तपासा.

ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक पेडल असतात. शेतात वळायला सोपं जावं म्हणून ते सुटे ठेवलेले असतात. रस्त्यावर नेण्याआधी त्यांची जोडपट्टी लावलीच पाहिजे. नाहीतर वेगात एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर उलटतो. ट्रॉली बहुतेकदा वेगळ्या माणसाची असते किंवा कर्जात नसते. पत्रात तिचा उल्लेख नसेल तर पिन काढून तिथेच सोडा आणि पावती लिहा.

ट्रकच्या एअर टाक्या रिकाम्या असतील तर मागची चाकं स्प्रिंग ब्रेकने जाम असतात. इंजिन चालू ठेवून साधारण ६ बारच्या वर दाब चढू द्या. काटा चढत नसेल तर कुठेतरी गळती आहे, ती गाडी चालवू नका. बंद इंजिनने ओढताना पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक बूस्टर काम करत नाहीत, किल्ली नसेल तर स्टिअरिंग लॉक होतं. ई-रिक्षा मोटरची चाकं जमिनीवर फिरवत ओढू नका, दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्या.

विमा तपासा. हप्ते थकलेल्या गाडीचा विमाही बऱ्याचदा संपलेला असतो. विना विमा चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. त्याहून वाईट म्हणजे वाटेत कोणाला लागलं, तर भरपाईच्या दाव्यात चालक म्हणून तुमचं नाव येतं आणि मागे विमा कंपनी नसते. विमा संपलेली गाडी टोइंगनेच न्यायची, खर्च कंपनीचा.

परवान्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवायला मान्यता दिली. त्यावरच्या ट्रकला मालवाहू (ट्रान्सपोर्ट) वाहनाचाच परवाना लागतो.

गाडीत माल भरलेला असेल तर?

सोडून द्या. नरखेड-काटोलकडून कळमन्याला संत्रा येतो. गाडी यार्डात एक दिवस उभी राहिली तर माल सडतो आणि त्याचा मालक तिसराच शेतकरी असतो. मालावर कंपनीचा काडीचा हक्क नाही. माल उतरल्यावरच बोलणी करा.

इन्व्हेंटरीत काय लिहायचं?

तारीख, वेळ, ठिकाण, किलोमीटरचा आकडा, प्रत्येक टायरची कंपनी आणि अवस्था, स्टेपनी, बॅटरीचा नंबर, जॅक, पाना, टेप, ताडपत्री, दोर, काचा, डेंट, डिझेलचा काटा. डिक्कीतले कागद, पैसे, देवाची मूर्ती, जेवणाचा डबा हे सगळं बाहेर काढून गाडीवाल्याच्या हातात द्या आणि सही घ्या. गाडीभोवती फिरून सलग व्हिडिओ करा. तीन प्रती: एक त्याला, एक यार्डाला, एक तुमच्याकडे. यार्डाची पावती मिळाल्याशिवाय तिथून हलू नका. नंतर बॅटरी बदलल्याचा आरोप आला, तर ती पावतीच तुमची साक्षीदार. त्याच दिवशी ठाण्याला नंतरचं पत्र द्या आणि पोच घ्या.

मारहाण झाली. पहिल्या तासात काय करावं?

आधी ११२, मग दवाखाना. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत "पडलो" असं सांगू नका. मारहाण झाली असं स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद) होते. एजन्सीचा माणूस "पोलीस केस नको, कंपनी पॅनल काढेल" म्हणेल. एमएलसी नसेल तर पुढची भरपाई आणि गुन्हा दोन्ही लंगडे होतात.

फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीबाहेरची असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. घेतली नाही, तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पोस्टाने पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. ज्या फोनमध्ये व्हिडिओ आहे तो विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात मूळ फोन आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

उलट माझ्यावरच गुन्हा दाखल झाला तर?

पळू नका आणि फोन बंद करू नका. कलमं ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेची असतील, तर पोलीस बहुधा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देतात. नोटिशीला हजर राहणारा माणूस सहसा अटकेपासून वाचतो. जबरी चोरी किंवा दरोड्याचं कलम असेल तर त्याच दिवशी वकील गाठा, सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज (त्याच संहितेचं कलम ४८२) करा. पोलिसांना पत्र, नोटीस, पोच आणि त्या दिवशीचा लेखी होकार यांच्या प्रती द्या, मूळ नाही. गुन्हा खोटा असेल तर रद्द करायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं.

वकिलाचा खर्च कोण करणार हे एजन्सीशी आधीच लेखी ठरवा. नंतर कोणी फोन उचलत नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००.

हात मोडला, पाय गेला, किंवा माणूसच गेला. भरपाई कोणाकडे मागायची?

एजन्सीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तो आमचा कामगार नाही, कमिशनवर होता." गाडीमागे पैसे मिळतात एवढ्याने माणूस कामगार राहत नाही, असं कायदा म्हणत नाही. त्याला काम कोण देत होतं, कुठे जायचं ते कोण सांगत होतं, ओळखपत्र कोणाचं होतं, हे पाहिलं जातं. म्हणून पुरावा आजच जमा करा: यूपीआयच्या नोंदी, ग्रुपवरचे आदेश, पत्रांचे फोटो, ॲपचं लॉगिन, हजेरी. हे सगळं घरातल्या एका माणसाच्या फोनवरही पाठवून ठेवा. अपघातात फोन फुटतो.

कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिशेबाची रीत तीच: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक, कायमच्या पूर्ण अपंगत्वात ६० टक्के. वेतन १५,००० धरलं आणि वय ३० असेल, तर गुणांक २०७.९८, म्हणजे वारसांना १५,५९,८५० रुपये. इतकी रक्कम घरी आलेल्या एजन्सीच्या माणसाने दिलेल्या पन्नास हजारांच्या पाकिटावर आणि "तक्रार नाही" अशा कागदावर सोडून देऊ नका. दावा वर्ष उलटण्याआधी दाखल करा.

खरी भेग दुसरीकडे आहे. ठेकेदाराच्या कामगाराला मूळ कंपनीकडून भरपाई मागता येते, पण १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये अट होती की अपघात कंपनीच्या ताब्यातल्या आवारात किंवा त्याच्या आसपास झालेला असावा. तुमचं सगळं काम रस्त्यावर. कंपन्यांचे वकील नेमकं यावर बोट ठेवतात. कारखान्यासाठी लिहिलेलं कलम रस्त्यावरच्या माणसाला कोरडं ठेवतं, आणि हे बदललंच पाहिजे. तोवर दावा करताना एजन्सी आणि फायनान्स कंपनी दोघांनाही पक्षकार करा.

एजन्सीत १० किंवा अधिक माणसं असतील आणि तुमचं वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कामावरच्या इजेत वेतनाच्या ९० टक्के मिळतात, उपचार सोमवारी पेठेच्या कामगार विमा रुग्णालयात.

गाडी अंगावर घातली असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणातही जाता येतं. अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. "हे जाणूनबुजून केलं, अपघात नव्हे" असं विमा कंपनी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये रीता देवी प्रकरणात, ऑटो चोरताना झालेला चालकाचा खून अपघात मानला होता. तो निकाल वकिलाला सांगा.

तोवर स्वतःहून काय करून ठेवता येईल?

पंतप्रधान सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. जीवनज्योती, ४३६ रुपये, २ लाख. ई-श्रम नोंदणी. एजन्सी "ग्रुप विमा आहे" म्हणत असेल तर सदस्यांच्या यादीत स्वतःचं नाव डोळ्यांनी पाहा आणि मारहाणीतली इजा वगळलेली नाही ना ते वाचा.

डीआरए (डेट रिकव्हरी एजंट) प्रमाणपत्र घेतलं की संरक्षण मिळतं का?

संरक्षण नाही, पण बचाव मजबूत होतो. १०० तासांचं प्रशिक्षण (पदवीधरांना ५० तास) आणि परीक्षा. पोलीस पडताळणीचा दाखलाही जवळ ठेवा. हे दोन्ही नसलेल्या माणसाला तपास अधिकारी "भाड्याचा गुंड" असंच लिहितो.

कंपनी धोकादायक कामावर पाठवते, याची रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते का?

नाही, ती योजना ग्राहकांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या सगळ्या सूचनांत तुमचा उल्लेख आवरायचा माणूस म्हणून येतो, जपायचा म्हणून नाही. २०२२ मध्ये हजारीबागला ट्रॅक्टर ओढताना एका गर्भवती तरुणीचा जीव गेला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरच्या एजन्सींकडून वसुली बंद करायला लावली, आणि ते योग्यच होतं. पण रस्त्यावर गाडी ओढणाऱ्याचा जीव जातो, तेव्हा कोणाचं काम बंद होत नाही. वेतन, विमा आणि इजेची तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करायची.

खासगी सावकारासाठी गाडी उचलू का?

नको. परवाना नसलेल्या सावकाराकडे कायदेशीर हक्कच नाही, त्यामुळे तुमच्याकडे बचावही नाही.

एजन्सी सोडताना काय करायचं?

ओळखपत्र परत करून लेखी पोच घ्या, न वापरलेली अधिकारपत्रं क्रमांक लिहून परत द्या, ॲपमधून लॉगिन बंद करायला लावा आणि बंद झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तुमच्या नावाचं जुनं पत्र घेऊन दुसरा पोरगा फिरत राहतो, आणि सहा महिन्यांनी नोटीस तुमच्या घरी येते.